टाकीची आतली बाजू

दारूखान्यात आमच्या गाळ्याला पाटी नाही.
विचारत विचारत येतात माणसं.
डॉक्टर मनोरमा धैर्यवानही तशाच आल्या,
टॅक्सीच्या मागच्या सीटवर शेजारी बसवून आणलेली
सत्तेचाळीसच्या हिलमनची टाकी घेऊन.
म्हणाल्या, "गळते."

जुन्या पेट्रोलला पेट्रोलचा वास येत नाही.
लाखेचा येतो, बंद कपाटाचा.
मुनाफ उस्तादांनी झाकणाशी नाक नेलं: तीस वर्षं.
"बत्तीस," बाई म्हणाल्या.

आधी पाणी, काठोकाठ.
कारण रिकामी टाकीच खरी भरलेली असते,
वाफेने.
उस्तादांच्या डाव्या भुवईला केस नाहीत
ते हे वाक्य एकदा अर्धंच ऐकल्यामुळे.

मग साखळी, तोडलेल्या कुठल्याशा बोटीवरची,
करंगळीएवढ्या कड्यांची, दीड हात.
ती आत सोडली, भोकांना बुचं मारली,
समोरच्या बांधकामावरच्या मुकादमाला दोनशे दिले
आणि टाकी गोधडीत गुंडाळून
सिमेंटच्या मिक्सरात फिरवली, जेवणाच्या सुट्टीत.
बाई स्टुलावर बसून तो गडगडाट ऐकत होत्या,
हातात पर्स घट्ट.

गंज निघाला मिसरीसारखा, चहाच्या चोथ्यासारखा,
घमेलंभर.
साखळी ओढून काढली तरी
उजवीकडे कललं की
खुळ्.

"वायसर असेल," उस्ताद म्हणाले.
बाई उठल्या. पर्समधून दात तपासायचा आरसा काढला,
नखाएवढा, लांब दांड्याचा.
फ्लोटच्या भोकाशी मला टॉर्च धरायला लावली
आणि सवयीनेच म्हणाल्या, "आ करा."
टाकीला.

बराच वेळ बघत होत्या.
आतल्या पत्र्याच्या पडद्यामागे
भोकाचा पैसा.

"ही गाडी पैसा खाते, असं पपा म्हणायचे,
रोज, पानावर बसलं की.
मी सहा वर्षांची.
मी भरवला."

नंतर तेवीस वर्षं वाळकेश्वरच्या वळणावर
पपा गाडी थांबवून कान लावायचे.
पाटे बदलले, बुश बदलले,
एका मेकॅनिकला चोर म्हणून हाकलला.
"मी मागच्या सीटवर असायची," एवढंच म्हणाल्या.

उस्तादांनी तार वाकवून आकडा केला. निघेल, म्हणाले.
"नको.
चाळीस वर्षं उपटण्यातच गेली माझी.
हा असू दे."

सुटा राहिला तर लेप खरवडेल, उस्ताद कुरकुरले.
पण टाकी त्यांनीच कलती केली, पैसा कोपऱ्यात बसेपर्यंत.

अॅसिड. पाणी. परत पाणी.
मग घाई, कारण शिवडीकडची खारी हवा
उघडं लोखंड अर्धा तासही कोरं ठेवत नाही.
उस्तादांच्या सुनेचा केस वाळवायचा ड्रायर
दोन तास गुरगुरला.

लेप राखाडी, खळीपेक्षा दाट.
पहिली धार कोपऱ्यात, पैशावर.
पंधरा मिनिटं हललो नाही.
मग अर्धं वळण, थांब.
अर्धं वळण, थांब.
लेप कुठे पोचला ते दिसत नाही,
वजन सरकतं ते तळव्याला कळतं.
खाली, बाजूला, छताला,
पडद्याच्या पलीकडे, जिथे बोट जात नाही.
माझे खांदे भरून आले. उस्ताद म्हणाले, अजून एकदा.
उरलेला लेप पालथ्या टाकीतून डब्यात निथळला
आणि चार दिवस कुणी हात लावायचा नाही.

पाचव्या दिवशी बाई आल्या.
रॉकेल भरून दाखवलं, खाली कोरं वर्तमानपत्र:
एक डाग नाही.
पैसे मोजून दिले. आभार मानले.
रिकामी टाकी उचलायला मी पुढे झालो
तर आधी त्यांनीच धरली दोन्ही हातांनी,
उजवीकडे कलवली, कान लावला.
टॅक्सीवाला हॉर्न देत होता.
डावीकडे.
मग पुन्हा उजवीकडे,
या वेळी जरा जास्त.